धातूची झडप, रक्त पातळ करायची गोळी, आणि आता सिप्रो: काय कधी द्यायचं, काय टाळायचं?

मधुमालती

नमस्कार मंडळी. सासऱ्यांसाठी विचारते आहे. वय ७१. हृदयात मायट्रल जागी धातूची झडप बसवलेली आहे, त्यामुळे रक्त पातळ करायची ॲसेनोकुमॅरॉल रोज संध्याकाळी. सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची ५० मायक्रोग्रॅम. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकत्र असलेली गोळी, रक्तदाबासाठी रॅमिप्रिल ५. दुपारी जेवणानंतर कॅल्शियम-डी३ ची ५०० ची गोळी. कंबर धरली की 'एमआर' लिहिलेली दुखण्याची गोळी अधूनमधून घेतात, आणि पित्त झालं की ते गुलाबी पातळ औषध दोन चमचे.

दोन दिवस लघवीला जळजळ होती, काल थंडी वाजून १०१ ताप आला. जवळच्या डॉक्टरांनी लघवी कल्चरला (जंतू वाढवून बघायच्या तपासणीला) पाठवली आणि सिप्रोफ्लॉक्सासिन ५०० (सिप्रो) हे अँटिबायोटिक सकाळ-रात्र ७ दिवस लिहून दिलं, सोबत पँटोप्राझोल. त्यांना झडपेचं माहीत आहे, पण बाकीच्या सगळ्या गोळ्या सांगितल्या गेल्या की नाही याची खात्री नाही. औषधाच्या दुकानात फक्त "दुधाबरोबर देऊ नका" एवढंच सांगितलं. पहिली गोळी आज रात्री ९ ला द्यायची आहे.

दूध बंद म्हणजे दही-ताकही बंद का? कॅल्शियम चालू ठेवायचं का? आणि रक्त पातळ करायच्या गोळीचं काय करायचं?

खलबत्ता

मधुमालतीताई, वरची अख्खी यादी दिलीत हे फार बरं केलंत. यातली एक गोळी सिप्रोबरोबर अजिबात न चालणारी असू शकते, आणि घरात तिला कुणी रोजच्या औषधांत धरत नसल्यामुळे डॉक्टरांपर्यंत ती बहुतेक पोचलेली नसते. ती म्हणजे कंबरदुखीची 'एमआर'.

एमआर म्हणजे स्नायू सैल करणारं औषध. ते नेमकं कोणतं हे पुढच्या मोठ्या नावावरून कळत नाही. पट्टी उलटी करा आणि मागच्या चंदेरी बाजूवर बारीक अक्षरांत लिहिलेले घटक वाचा, चष्मा लागला तरी चालेल, फोनच्या कॅमेऱ्यानं मोठं करून बघा. तिथं टिझानिडिन, क्लोरझोक्साझोन किंवा थायोकोल्चिकोसाइड यांपैकी काहीतरी असेल. टिझानिडिन असेल तर सिप्रो चालू आहे तोवर ती गोळी एकदासुद्धा द्यायची नाही. यकृतातलं जे एन्झाइम टिझानिडिनचा निचरा करतं, तेच सिप्रो अडवून धरतं. परिणामी टिझानिडिनचा रक्तातला एकूण भार सुमारे दहापट होतो. २ मिलिग्रॅमची गोळी २० मिलिग्रॅम घेतल्यासारखी वागते. रक्तदाब कोसळतो, गुंगी येते, रात्री लघवीला उठताना माणूस पडतो. रक्त पातळ असलेला माणूस डोक्यावर पडला तर पुढचं सांगायला नको. हे "जपून द्या" या प्रकारातलं नाही, दोन्ही औषधांच्या माहितीपत्रकात ही जोडी निषिद्ध म्हणून छापलेली असते.

आणि टिझानिडिन नसलं तरी त्या गोळीत बहुधा ॲसिक्लोफिनॅक किंवा डायक्लोफिनॅक असणारच. ते ॲसेनोकुमॅरॉलबरोबर पोटातल्या रक्तस्रावाचं कारण ठरतं आणि रॅमिप्रिलबरोबर मूत्रपिंडावर ताण आणतं. अँटिबायोटिक असो वा नसो, ही गोळी त्यांच्या डब्यात नसावी असं माझं स्पष्ट मत आहे. दुखण्याला किंवा तापाला साधं पॅरासिटामॉल, तेही मोजून. दिवसाला २ ग्रॅमच्या वर सलग काही दिवस गेलं तर त्यानंही आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारा तपासणीतला आकडा, जास्त म्हणजे जास्त पातळ) चढतो.

सिप्रो अडवतं त्याच एन्झाइमवर दम्यासाठी दिली जाणारी थिओफायलिनची औषधं आणि चहा-कॉफीतलं कॅफीनही अवलंबून असतं. घरात कुणाला डेरिफायलिन (त्यातलंच एक) चालू असेल तर सिप्रो घेण्याआधी डॉक्टरांना सांगायलाच हवं: मळमळ, छातीत धडधड, पुढे झटकेसुद्धा येऊ शकतात. सासऱ्यांना दिवसाला पाच कप चहा लागत असेल तर या आठवड्यात दोनावर आणा, नाहीतर झोप उडेल आणि धडधड होईल, आणि सगळे ती हृदयाची समजून घाबरतील.

आता तुमचा कॅल्शियमचा प्रश्न. सिप्रोचा रेणू कॅल्शियम, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम, लोह, जस्त यांना पोटातच घट्ट पकडतो. जे तयार होतं ते आतड्यातून शोषलं जात नाही, शौचावाटे निघून जातं. गोळी घेतली असं आपल्याला वाटतं, पण रक्तात आणि लघवीत औषध पोचतच नाही. सर्वात वाईट तुमचं ते गुलाबी औषध: त्यात ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम असतं, आणि सिप्रोच्या जवळपास घेतलं तर शोषण ८० ते ९० टक्क्यांनी घटतं. पोटातल्या व्रणासाठीचं सुक्राल्फेटही त्याच माळेतलं. पँटोप्राझोल मात्र वेगळ्या पद्धतीनं काम करतं, त्यात हे धातू नाहीत, ते चालेल.

नियम असा: सिप्रो हे कॅल्शियमच्या २ तास आधी, किंवा कॅल्शियमनंतर ६ तासांनी. लोक "दोन तासांचं अंतर ठेवा" एवढंच लक्षात ठेवतात आणि उलट बाजूचे सहा तास विसरतात. सिप्रो सकाळी ९ आणि रात्री ९ ला ठेवा. मग कॅल्शियमला जागा उरते ती ११ ते ३ यामधली. त्यांची गोळी दुपारच्या जेवणानंतरची आहे, म्हणजे जेवण १ वाजता असेल तर बरोबर बसते. जेवायला साडेतीन वाजणार असतील तर त्या दिवशी कॅल्शियम सोडून द्या. खरं तर सात दिवस कॅल्शियम पूर्ण बंद ठेवलं तरी हाडांना काही होत नाही, घरात गोंधळ होत असेल तर तेच करा. पित्ताच्या औषधालाही तेच ११ ते ३, दिवसा किंवा रात्री.

थायरॉइडच्या गोळीचं शोषण सिप्रोमुळे घटल्याच्या नोंदी आहेत. पण त्या गोळीतलं थायरॉक्सिन आठवड्यानंतरही शरीरात निम्मं उरतं, त्यामुळे सात दिवसांत फार बिघडत नाही. पहाटे ५-६ ला ती आणि ९ ला सिप्रो, एवढं अंतर राहू द्या आणि महिनाभराच्या तपासणीत बघा.

नाडीतरंग

खलबत्ता यांनी गोळ्यांचं अचूक सांगितलं आहे. मी त्याच्याही आधीची गोष्ट सांगतो, कारण रात्री ९ जवळ येतायत.

धातूची झडप असलेल्या माणसाला थंडी वाजून ताप आला, की लघवीतला जंतुसंसर्ग हे कारण समोर दिसत असलं तरी झडपेवर जंतू बसलेत का हा प्रश्न विचारावाच लागतो. त्याचं उत्तर देते रक्ताची कल्चर तपासणी, आणि ती अँटिबायोटिकची पहिली गोळी पोटात जाण्याआधी घ्यायची असते. दोन-तीन गोळ्या गेल्यावर कल्चरमध्ये बऱ्याचदा काही उगवत नाही आणि मग खरं निदान आठवडे लांबतं. म्हणून आत्ताच त्यांच्या हृदयरोग डॉक्टरांना फोन करा. लांबलचक सांगू नका. हे वाचून दाखवा:

"वय ७१, मायट्रल धातूची झडप, ॲसेनोकुमॅरॉल इतके मिलिग्रॅम, शेवटचा आयएनआर अमुक तारखेला अमुक. काल थंडी वाजून १०१ ताप, लघवीला जळजळ. सिप्रो ५०० लिहून दिलं आहे, अजून एकही गोळी दिलेली नाही. ग्लिमेपिराइड, रॅमिप्रिल चालू. रक्ताचं कल्चर आधी घ्यायचं का? सिप्रोच द्यायचं का? आयएनआर कधी बघायचा?"

त्यांचा फोन लागला नाही तर ज्यांनी सिप्रो दिलं त्यांना हेच वाचून दाखवा. आणि हुडहुडी भरून ताप पुन्हा चढला, बोलणं असंबद्ध झालं, लघवी कमी झाली, हातपाय गार पडले, तर फोनच्या मागे वेळ न घालवता थेट रुग्णालयात न्या.

आता रक्त पातळ करायच्या गोळीबद्दल. ती स्वतःहून बंद करायची नाही, अर्धीही करायची नाही. मायट्रल जागच्या धातूच्या झडपेसाठी आयएनआर साधारण २.५ ते ३.५ मध्ये ठेवतात, त्याखाली गेलं तर झडपेवर गुठळी धरते. पण सिप्रोनं तो वर सरकू शकतो. त्यात ताप, दोन दिवस नीट न जेवणं, आतड्यातले व्हिटॅमिन के बनवणारे जंतू कमी होणं, हे सगळंही त्याच दिशेनं ढकलतं. म्हणजे दोष नुसत्या सिप्रोचा नसतो. कोणतंही अँटिबायोटिक असलं तरी या आजारपणात आयएनआर बघावा लागणारच.

वेळापत्रक साधारण असं असतं: आज किंवा उद्या सकाळी एकदा, म्हणजे सुरुवातीचा आकडा हातात राहतो. मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी. मग औषध संपताना. आणि चौथा, जो बहुतेक घरी राहून जातो, तो अँटिबायोटिक थांबल्यावर आठवड्यानं. मधल्या काळात डॉक्टरांनी ॲसेनोकुमॅरॉल कमी केलेलं असेल तर सिप्रो गेल्यावर आयएनआर खाली घसरतो आणि झडपेवर गुठळी धरण्याची भीती असते. ॲसेनोकुमॅरॉलचा असर वॉर्फरिनपेक्षा लवकर चढतो-उतरतो, त्यामुळे इथं आळस परवडत नाही.

घरी रोज बघायचं ते हे: दात घासताना हिरड्यांतून रक्त, कारण नसताना काळेनिळे डाग, डांबरासारखं काळं शौच. लघवी लाल झाली तर "जंतुसंसर्गानं असेल" म्हणून सोडू नका, त्याच दिवशी आयएनआर करा. अचानक तीव्र डोकेदुखी, उलटी, एका बाजूला अशक्तपणा, किंवा डोक्याला मार लागून पडणं, यापैकी काहीही झालं तर आयएनआरच्या आकड्याची वाट न बघता थेट रुग्णालयात न्या.

दुसरी भीती साखरेची. सिप्रोच्या गटातली औषधं ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइडबरोबर साखर एकदम खाली आणू शकतात, म्हाताऱ्या माणसांत विशेष. याच गटातल्या गॅटिफ्लॉक्सासिनच्या पोटात घ्यायच्या गोळ्यांवर भारतात २०११ मध्ये बंदी आली. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०१८ मध्ये अख्ख्या गटासाठी साखर घटण्याचा इशारा अधिक ठळक करायला लावला. ग्लुकोमीटर घरी असेलच. तीनही जेवणांआधी आणि झोपताना बघा, पहिले चार दिवस तरी. ७० च्या खाली आली, किंवा घाम, थरथर, बावरल्यासारखं वागणं दिसलं, तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. ग्लिमेपिराइडनं उतरलेली साखर पुन्हा पुन्हा उतरते, म्हणून एकदा ९० दिसली की निर्धास्त होऊन झोपू नका. जेवण निम्म्यावर आलं तर ग्लिमेपिराइडचं काय करायचं आणि उलट्या लागल्या तर मेटफॉर्मिनचं काय करायचं, हे त्याच फोनमध्ये विचारून ठेवा.

टाचेच्या वरच्या शिरेत, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या त्या जाड दोरीत दुखू लागलं तर सिप्रोची पुढची गोळी न देता डॉक्टरांना कळवा. साठीनंतर, आणि स्टेरॉइड चालू असलेल्यांत, ती तुटण्याचा धोका वाढतो. मालिश करून चालायला लावू नका.

पारिजात

दूध-दही-ताक अँटिबायोटिकवर अजिबात चालत नाही. आठवडाभर पूर्ण बंद ठेवा, बरोबर जीवनसत्त्वाची गोळी आणि झिंक द्या म्हणजे अशक्तपणा येणार नाही.

खलबत्ता

पारिजात, कळकळ समजते, पण यातला दुसरा भाग तर थेट नुकसानीचा आहे. झिंक आणि लोह असलेली 'ताकदीची' गोळी सिप्रोला कॅल्शियमसारखीच पकडते. अँटिबायोटिकसोबत सवयीनं बी-कॉम्प्लेक्स लिहिलं जातं, त्यातल्या बऱ्याच कॅप्सूलमध्ये झिंक असतं. पट्टीच्या मागे झिंक दिसलं तर हा आठवडा तिला सुट्टी. लहान मुलांना जुलाबात झिंक १४ दिवस देतात तेही लक्षात असू द्या, त्याच वेळी या गटातलं अँटिबायोटिक चालू असेल तर वेळा वेगळ्या कराव्या लागतात. ओआरएसमध्ये मात्र सोडियम, पोटॅशियम असतं, त्याची अडचण नाही.

दुधाचं म्हणाल तर औषधागणिक फरक आहे. सुमारे ३०० मिली दूध किंवा दही सिप्रोबरोबरच घेतलं तर शोषण साधारण एक तृतीयांशानं कमी होतं. पण जेवणात वाटीभर कढी आहे म्हणून काही बिघडत नाही. उपाशीपोटी नुसतं दूध, दही, लस्सी आणि त्यासोबत गोळी, हे टाळायचं. नाचणीचं सत्त्व आणि हाडांसाठी दुधात घालायच्या पावडरी यांत भरपूर कॅल्शियम असतं, त्यांनाही ११ ते ३. टेट्रासायक्लिनला दुधाचा फटका सर्वात मोठा, डॉक्सीसायक्लिनला त्यामानानं कमी. अमॉक्सिसिलिन, ॲझिथ्रोमायसिन, सेफिक्झिम यांवर दही-ताक खुशाल खा. जुलाब होत असतील तर उलट बरंच. "अँटिबायोटिक म्हणजे दही बंद" या सरसकट नियमामुळे माणसं आठवडाभर काही खात नाहीत आणि अशक्त होतात.

डॉक्सी निघालंच आहे तर सांगतो. मुंबईत किंवा कोकणात पुराच्या पाण्यातून चालून आलेल्यांना लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) होऊ नये म्हणून २०० मिलिग्रॅम देतात. ती गोळी रिकाम्या पोटी नको, लोहाच्या गोळीबरोबर नको, आणि घोटभर पाण्यानं घेऊन आडवं होणं तर मुळीच नको. अन्ननलिकेत चिकटून राहिली तर तिथं व्रण पडतो आणि मग पाणी गिळतानाही टोचतं. भरलेला पेला पाणी, आणि निदान अर्धा तास बसून राहायचं. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन चालू असलेल्या मुलामुलींनी डॉक्सी घ्यायचं नाही, मेंदूभोवतीचा दाब वाढून डोकेदुखी आणि दृष्टीला त्रास होतो.

समुद्रगाज

हा धागा सिप्रोचा आहे, पण जुलाबासाठी घरोघरी असते ती मेट्रोनिडाझोल आणि टिनिडाझोल ॲसेनोकुमॅरॉलशी आणखी जोरात भांडतात, म्हणून लिहिते. रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा निचराच ती रोखतात, आणि आयएनआर तीन-चार दिवसांत दुप्पट झालेला दिसू शकतो. डब्यात उरलेली पट्टी असेल तर सासऱ्यांच्या हाती लागू देऊ नका.

या दोघींवर दारू नको हे बहुतेकांना ठाऊक असतं. मेट्रोनिडाझोल-दारूच्या धोक्याचा पुरावा फार भक्कम नाही असं अलीकडे तज्ज्ञ म्हणू लागलेत, तरी माहितीपत्रकं औषध संपल्यावरही दोन-तीन दिवस टाळायला सांगतात आणि मीही तेच सांगेन. पण दारू न पिणाऱ्या घरातही अल्कोहोल असतं. दशमूलारिष्ट, अशोकारिष्ट, कुमारी आसव, द्राक्षासव ही आंबवून केलेली औषधं आहेत, त्यांत साधारण ५ ते १० टक्के अल्कोहोल आपोआप तयार होतं आणि ते बाटलीवर छापलेलं असतं. बाळंतिणीला दशमूलारिष्ट चालू असताना मेट्रोनिडाझोल लिहिलं गेलं, तर अरिष्ट सात दिवस बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना सांगा. चेहरा लाल होणं, धडधड, ओकाऱ्या असा त्रास झाला तर कारण शोधायला मदत होते. काही खोकल्याच्या औषधांतही अल्कोहोल असतं.

पानगळ

मधेच विचारतो, क्षमस्व. घरात एकीला क्षयाची सहा महिन्यांची औषधं सुरू झाली आहेत आणि ती गर्भनिरोधक गोळ्या घेते. दोन्ही चालतं का?

नाडीतरंग

चालत नाही, आणि हे वेळेवर विचारलंत. क्षयाच्या गोळीतलं रिफॅम्पिसिन यकृतातली एन्झाइम वाढवतं, म्हणजे वर सिप्रोबद्दल जे वाचलंत त्याच्या बरोबर उलट. दुसरी औषधं झपाट्यानं मोडली जातात. गर्भनिरोधक गोळी रोज घेऊनही दिवस राहू शकतात. तांबी किंवा इंजेक्शन हे पर्याय स्त्रीरोग डॉक्टरांशी बोलून ठरवा, आणि ते होईपर्यंत निरोध. रिफॅम्पिसिन थांबल्यावरही चार आठवडे ही काळजी चालू ठेवायची. बाकीच्या नेहमीच्या अँटिबायोटिकनं, म्हणजे अमॉक्सिसिलिन, ॲझिथ्रोमायसिन, डॉक्सी यांनी गर्भनिरोधक गोळी निकामी होत नाही. उलट्या-जुलाब लागले तर मात्र ती गोळी पोटात राहिली नाही असं धरून चला.

तिला थायरॉइड, फिट, एचआयव्ही, स्टेरॉइड, साखर यांपैकी कशाचीही गोळी चालू असेल तर तिचा डोसही बघावा लागतो. एचआयव्हीचं डोल्युटेग्राविर ५० मिलिग्रॅम रोज एकदा असेल तर रिफॅम्पिसिन चालू असताना ते दिवसातून दोनदा करतात. रक्त पातळ करायची गोळी असेल तर डोस बराच वाढवावा लागतो, आणि क्षयाची औषधं संपल्यावर दोनेक आठवड्यांत तो परत खाली आणला नाही तर रक्तस्राव होतो.

समुद्रगाज

पानगळ, त्याच औषधांतल्या आयसोनियाझिडबद्दल किनारपट्टीवरच्यांसाठी: कुपा, बांगडा, तारली हे मासे नीट बर्फात न राहिलेले असले की त्यांत हिस्टामिन साचतं. शिजवल्यानं ते जात नाही. एरवी शरीर ते मोडून टाकतं, आयसोनियाझिड त्या कामात अडथळा आणतं. मग खाल्ल्यावर तासाभरात चेहरा-मान लाल, डोकं ठणकणं, धडधड. घरचे समजतात की टीबीच्या गोळ्या सोसत नाहीत आणि बंद करतात. गोळ्या बंद करू नका. सहा महिने हे मासे अगदी ताजे मिळाले तरच खा.

मधुमालती

सगळ्यांचे मनापासून आभार. एमआरच्या पट्टीमागे टिझानिडिन २ मिग्रॅ आणि ॲसिक्लोफिनॅक १०० लिहिलेलं आहे. पट्टी काढून टाकली. हृदयरोग डॉक्टरांनी गोळी देण्याआधी रक्ताचं कल्चर आणि आयएनआर करायला सांगितलंय, आत्ता निघतोय. लघवीचा रिपोर्ट आल्यावर औषध बदलू शकतं असं म्हणाले. बदललं तर हेच सगळं पुन्हा लागू होतं का?

खलबत्ता

नाही, प्रत्येकाचं वेगळं. लघवीच्या संसर्गासाठी जी नावं येऊ शकतात ती सांगतो, म्हणजे चिठ्ठी हातात आल्यावर काय विचारायचं ते कळेल.

को-ट्रायमॉक्साझोल आलं तर लगेच थांबून विचारा. सासऱ्यांच्या यादीत ते तीन ठिकाणी अडतं: ॲसेनोकुमॅरॉलचा असर जोरात वाढवतं, ग्लिमेपिराइडनं साखर पाडतं, आणि रॅमिप्रिलबरोबर रक्तातलं पोटॅशियम चढवतं. पोटॅशियम चढल्याचं बाहेरून काही दिसत नाही, थेट हृदयाची लय बिघडते. संधिवाताला मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांनीही हे औषध टाळायचं, रक्तपेशी बनणं थांबतं.

नायट्रोफ्युरान्टॉइन तापासकट असलेल्या संसर्गाला पुरं पडत नाही, ते लघवीत उतरतं पण मूत्रपिंड किंवा प्रोस्टेटच्या आत पुरेसं जात नाही. दिलंच तर जेवणाबरोबर, आणि मॅग्नेशियम ट्रायसिलिकेट असलेलं पित्ताचं औषध सोबत नको.

अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलेनिक ॲसिड किंवा सेफिक्झिमला कॅल्शियमची, टिझानिडिनची, चहाची भानगड नाही. आयएनआर मात्र यांवरही वाढल्याच्या नोंदी आहेत, त्यामुळे तपासणीचं वेळापत्रक तसंच. सेफ्युरॉक्झिम किंवा सेफपोडॉक्झिमच्या गोळ्या असतील तर जेवणानंतर द्या, आणि पँटोप्राझोल खरंच हवंय का विचारा. आम्ल कमी झालं की या दोन्हींचं शोषण घटतं.

लिनेझोलिड असेल तर नैराश्याच्या गोळ्या, ट्रॅमाडॉल (दुखण्याचं औषध) आणि सर्दीच्या गोळ्या सोबत चालतात का, तिन्हींचं विचारून घ्या. घरात दुसऱ्या कुणाला फिटसाठी व्हॅल्प्रोएट चालू असेल तर मेरोपेनेम, फॅरोपेनेम ही नावं त्यांच्यासाठी लिहून ठेवा. मेरोपेनेमनं व्हॅल्प्रोएटची पातळी दोन दिवसांत कोसळते आणि फिट येते. फॅरोपेनेम त्याच घराण्यातलं आहे आणि गोळीच्या रूपात मिळतं, म्हणून ते जास्त सहज लिहून दिलं जातं.

आज रात्री कल्चरचं रक्त दिल्यावर डॉक्टर सिप्रोच चालू करा म्हणाले आणि पहिली गोळी १० ला गेली, तर पुढची सकाळी १० ला. मग कॅल्शियमची वेळ १२ ते ४ अशी सरकते. फ्रिजवर कागद लावा आणि त्यावर गोळीच्या नावापुढे प्रत्यक्ष दिलेली वेळ लिहा, ठरवलेली नको. चौथ्या दिवशी आयएनआर बघून डोस ठरवणाऱ्या डॉक्टरांना तोच कागद लागतो.